सहा बाय चारचा फ्लेक्स

माणसाने आनंदाच्या भरात काहीतरी करावं आणि तेच पुढे कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल व्हावं, याच्याइतकी डोकं उठवणारी गोष्ट दुसरी नाही. प्रशांत पगारेच्या बाबतीत ही गोष्ट सहा फूट बाय चार फुटांची होती आणि कल्याण पूर्वेच्या एका नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर, तीन आठवडे लटकत होती. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे नाही म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

तो एक फ्लेक्स होता. वर बुद्ध आणि बाबासाहेब, मधे लाल अक्षरांत 'दहावीत ९१ टक्के गुण मिळवल्याबद्दल कु. कल्पिता प्रशांत पगारे हिचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाच्या अठरा जणांचे गॉगल घातलेले चेहरे. अध्यक्ष जगनचा फोटो कल्पिताच्या फोटोपेक्षा मोठा होता, पण ते आपल्याकडे चालतंच. न चालणारी गोष्ट नावात होती. जन्मदाखल्यापासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे ती मुलगी कल्पिता रवींद्र शिरसाट होती. रवींद्र हा तिच्या आईचा, म्हणजे रचनाचा, पहिला नवरा. प्रशांत दुसरा.

फ्लेक्स छापणाऱ्या मितेशचा यात काही दोष नव्हता. त्याने संगणकावर नेहमीचा साचा उघडला आणि पूर्ण नाव विचारलं. जगनचं म्हणणं असं, की नाक्यावर शिरसाट कोण हे कुणाला माहीत आहे? लोक विचारत बसतील की ही कुणाची पोरगी, आणि मंडळाने वर्गणीतून केलेला खर्च फुकट जाईल. प्रशांत पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत राहिला. आठ वर्षं तो या मुलीला बाइकवर मागे बसवून शाळेत सोडत होता, पालक सभेत शेवटच्या बाकावर बसत होता, प्रगतिपुस्तकावर 'पालक' लिहिलेल्या रेघेवर सही करत होता. पण नाव काय लावायचं, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"माझं टाक," तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस तो बढती मिळाल्यासारखा हिंडला. कल्पिताने फ्लेक्स पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, हा आठवीतला फोटो कुणी दिला यांना?" नावाबद्दल चकार शब्द नाही. आठ वर्षांची असताना ती या घरात आली तेव्हापासून त्याला काकाच म्हणायची, आणि दुसरं काही म्हण असं त्याने कधी सांगितलं नव्हतं. सांगून मिळवायची ती गोष्ट नव्हे, असं त्याचं मत होतं.

आता हे सगळं कोर्टात कसं गेलं ते सांगायला हवं.

कल्पिता पाच वर्षांची असताना रचना आणि रवींद्र सहमतीने वेगळे झाले. रचनाने स्वतःसाठी काही मागितलं नाही. मुलीच्या खर्चासाठी रवींद्रने महिना चार हजार द्यायचे ठरले. ते तो कधी द्यायचा, कधी दोन महिने गप्प बसून तिसऱ्या महिन्यात अर्धे पाठवायचा. दहावीनंतर कल्पिताने सायन्स घेतलं, क्लास लावला, आणि चार हजारांत आता तिची पुस्तकंही येईनात. तेव्हा रचनाने ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला, की चारचे बारा करा. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, पगार अठरा हजार. प्रशांत लिफ्ट दुरुस्त करायचा. घर चालत होतं, पण रचनाचा मुद्दा घर चालण्याचा नव्हताच. दर एक तारखेला त्या माणसाला आठवायला हवं की आपल्याला एक मुलगी आहे, असं ती म्हणायची.

रवींद्रने उत्तर दिलं ते वीस पानांचं. त्याने दुसरं लग्न केलंय, दोन वर्षांचा मुलगा आहे, बाळकुमला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, त्याचे हप्ते आहेत, मुलाचा प्लेग्रुप आहे. हाती काही उरत नाही. आणि शेवटच्या पानावर फ्लेक्सचा रंगीत फोटो. जगनने तो हौसेने आपल्या स्टेटसला ठेवला होता, तिथून कुणीतरी तो बाळकुमला पोचवला. मुलीच्या आईने पुनर्विवाह केला आहे, मुलीला नवा बाप मिळाला आहे, त्याने तिला आपलं नाव देऊन जाहीररीत्या स्वीकारलं आहे, सबब आता आपली जबाबदारी संपली, असं रवींद्रचं म्हणणं. बारा तर सोडाच, चारही बंद करा.

हे वाचून प्रशांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या टॉवरच्या लिफ्टचं काम त्याच्याच कंपनीकडे होतं. तिथल्या फ्लॅटचा महिन्याचा नुसता मेंटेनन्सच साडेसहा हजार आहे, हे त्याला ठाऊक होतं. लिफ्टला साडेसहा आणि पोरीला चार, तेही जड जातात. पण हे बोलून दाखवायलाही तोंड नव्हतं, कारण पुराव्याचा फ्लेक्स त्याचा स्वतःचा होता.

रचनाने त्याला सोडलं नाही. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला दोघं बाइकवरून शीळफाट्यामार्गे ठाण्याला जात, आणि शीळफाट्याला एकदा गाडी अडकली की अर्धा तास तरी कंटेनरच्या मागे धूर खात उभं राहावं लागे. तो अर्धा तास रचना त्याच्या हेल्मेटमध्ये बोलत असे. दहा वर्षं मी त्या माणसाशी भांडले, एक रुपया सोडला नाही, आणि तुम्ही एका सहा बाय चारच्या कापडावर सगळं घालवून बसलात. नाव घालायची एवढी हौस होती तर मला विचारायचं तरी. प्रशांतला पळायला रस्ताही नसायचा.

खरं तर त्याने विचारलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. कल्पिताला रीतसर दत्तक घ्यावं, कागदोपत्री आपली करावी, असं त्याच्या मनात आलं होतं. रचनाने साफ नकार दिला. दत्तक दिली की रवींद्र कायमचा सुटला, त्याला तेच हवंय, त्याला हवं ते मी का करू? तिचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून प्रशांतने विषय सोडला. आता तर कल्पिताने पंधरा वर्षं ओलांडली होती आणि कायद्याने दत्तकाचा रस्ताही बंद झाला होता. आपण या मुलीचे कोणी नाही म्हणूनच तिचा हक्क शाबूत आहे, हे गणित त्याला कळत होतं. कळून उपयोग काय, ते त्याला आवडत नव्हतं.

त्यांच्या वकीलबाई माया मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, घाबरू नका. आई लग्न करो की बाप करो, मुलाचा बाप बदलत नाही. फ्लेक्सने दत्तक होत नसतं. पण समोरचा वकील तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून घोळात घेणार. कोर्ट सगळं बघतं, आईचा पगार, बापाचा पगार, मुलीच्या गरजा. तुम्ही जर म्हणालात की मी तिला आपलीच मानतो आणि तिचं सगळं करतो, तर निदान रक्कम वाढवताना कोर्टाचा हात आखडेल. तेव्हा सरळ सांगायचं, नाव मंडळाने टाकलं, मला माहीत नव्हतं. जगन लगेच तयार झाला. त्याला असल्या गोष्टींची सवय होती.

"माझ्यावर टाक रे बिनधास्त. माझ्या फ्लेक्सवर आजपर्यंत किती चुका झाल्यात. एकदा तर जिवंत माणसाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली आपण."

प्रशांत कबूल झाला. नाइलाजाने, धुसफुसत, पण झाला. कारण एकच होतं. क्लासचा दुसरा हप्ता जानेवारीत भरायचा होता, आणि कल्पिता आईला न सांगता शिकवण्या शोधत होती, चौथी-पाचवीच्या मुलांच्या. हे त्याला तिच्या वहीत सापडलेल्या चिठ्ठीवरून कळलं होतं. अकरावी सायन्सची मुलगी दुसऱ्यांच्या पोरांचे पाढे घेत बसली तर तिचा अभ्यास कधी व्हायचा? आपल्या हौसेपायी या पोरीचं नुकसान होता कामा नये, एवढंच त्याने ठरवलं.

मग तारखा सुरू झाल्या. एकदा समोरचे वकील आजारी. एकदा रवींद्रने उत्पन्नाचं शपथपत्र भरलंच नव्हतं. एकदा भरलं, पण त्यात पगाराच्या पावत्या नव्हत्या. एकदा सगळं होतं, सगळे होते, आणि न्यायाधीश रजेवर. प्रशांत दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचा. लिफ्ट बंद पडली की माणूस वर जातो, बिघाड शोधतो, तासा-दोन तासांत चालू करून खाली येतो. इथे बिघाड सगळ्यांना दिसत होता, आणि तरी प्रत्येक जण पुढच्या महिन्यात या म्हणत होता. बाहेरच्या बाकावर बसून बसून त्याला समोरच्या भिंतीवरच्या सूचना पाठ झाल्या.

शेवटी डिसेंबरात त्याचं नाव पुकारलं गेलं.

पिंजऱ्यात उभं राहून त्याने शपथ घेतली. समोर रवींद्र बसला होता, मोबाइल खाली ठेवायला सांगितल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे न कळणारा. समोरच्या वकिलाने आधी साध्या गोष्टी विचारल्या. नाव, काम, लग्न कधी झालं. मग त्याने फ्लेक्सचा फोटो पुढे केला. ए-फोर कागदावरचा, कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का आणि निशाणी क्रमांक. त्या शिक्क्याच्या शेजारी दोन वेण्या घातलेली, आठवीतली कल्पिता हसत होती.

हा फ्लेक्स कुणी लावला, असं विचारल्यावर प्रशांत म्हणाला, मंडळाने. ते खरंच होतं. माया मॅडमनी मान हलवली. मग वकिलाने विचारलं, "आणि हे नाव कुणी दिलं?"

जगन. तीन अक्षरी नाव, म्हणून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. प्रशांतने तोंड उघडलंही. पण हातात तो कागद होता, आणि त्यावर तिचा फोटो होता. त्या फोटोकडे बघत 'हे नाव चुकून पडलं' असं म्हणणं त्याला काही केल्या जमेना.

"मी दिलं," तो म्हणाला.

माया मॅडमनी पेन खाली ठेवलं. मागे रचनाने कपाळाला हात लावला असणार, हे त्याला न बघता कळलं. वकील खूश झाला. म्हणजे तुम्ही तिला मुलगी मानता? मानतो. तिचा खर्च करता? करतो. पुढेही करणार? करणार. मग माझ्या अशिलाच्या पैशांची गरजच काय, असं वकिलाने विचारलं आणि न्यायाधीशांकडे बघितलं.

प्रशांतचा आवाज चढला नाही, पण कान तापले. सहा महिन्यांचा सगळा वैताग एकदम बाहेर आला.

"साहेब, जीव मी लावतोय तिला. त्याची सूट यांना कशी काय मिळणार?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. दत्तकपत्र झालंय का, असं त्यांनी मराठीत विचारलं. नाही, असं त्याने सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

परतताना शीळफाट्याला गाडी पुन्हा अडकली. कंटेनरच्या मागे बाइक थांबली तेव्हा रचनाने विचारलं, "जगनचं नाव घ्यायला काय झालेलं तुम्हाला?"

"तिचा फोटो होता त्याच्यावर."

रचनाने एक लांब श्वास सोडला. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शीळफाटा सुटेपर्यंत काढला नाही. रागावलेली होतीच, पण हात काढला नाही.

निकाल यायला आणखी पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत प्रशांतने स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या रवींद्रलाही घातल्या नसतील. एका नावाच्या हट्टापायी आपण पोरीच्या पानातलं काढून घेतलं असेल, तर तिला काय तोंड दाखवायचं? क्लासचा हप्ता त्याने पीएफमधून पैसे काढून भरला आणि घरात सांगितलं की बोनस मिळाला. लिफ्टवाल्यांना जानेवारीत बोनस कोण देतं, पण कुणी विचारलं नाही.

माया मॅडमचा फोन आला तेव्हा तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये होता. त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या. रवींद्रची मागणी फेटाळली. आईने लग्न केलं म्हणून बापाचं देणं संपत नाही. दुसरा संसार आणि फ्लॅट त्याने समजूनउमजून अंगावर घेतला, त्याचा भार पहिल्या मुलीवर टाकता येणार नाही. आईही कमावते, म्हणून बारा नाही दिले, पण नऊ हजार, आणि तेही अर्ज केल्याच्या तारखेपासून. प्रशांतने भिंतीला टेकून डोळे मिटले. सुटलो, असं तो स्वतःशीच दोनदा म्हणाला.

"आणि सतरावा परिच्छेद ऐका," मॅडम म्हणाल्या. "सगळी केस त्यावर जिंकलोय. मराठीत सांगते. 'मुलीच्या आईचे सध्याचे पती हे मुलीचे जन्मदाते नाहीत आणि दत्तक पिताही नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते तिला परके आहेत. परक्याने दाखवलेल्या मायेचा फायदा जन्मदात्याला घेता येणार नाही.' वरच्या कोर्टात गेले तरी हे हलणार नाही."

प्रशांतने मॅडमचे आभार मानले. फोन ठेवला आणि मोटरच्या आवाजात तिथेच बसून राहिला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. न्यायाधीश चुकले असते तर त्यांच्यावर चिडता आलं असतं. पण एकही शब्द चूक नव्हता. त्याने जे मागितलं होतं तेच मिळालं होतं, अगदी शिक्क्यासकट. आठ वर्षं सोडलं-आणलं, सह्या केल्या, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि सरकारी कागदावर त्याच्यासाठी पहिल्यांदा शब्द लिहिला गेला तो परका. खालून कुणीतरी लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून ओरडलं, तेव्हा तो उठला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर निकालाची प्रत मोबाइलवर आली. घरात चांगला मूड होता. रचनाने शिरा केला होता. प्रशांतची आई जाईबाई पलंगावर पाय पसरून बसली होती. तिला वाचता येत नसे, पण कुठल्याही कागदात काय आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. वीजबिलसुद्धा ती पूर्ण ऐकायची.

"कल्पे, वाच बरं. काय लिव्हलंय जजसायबानं?"

निकाल इंग्रजीत होता आणि घरात सगळ्यात सरळ इंग्रजी कल्पिताला येत होतं. ती फोन घेऊन आजीच्या पायाशी बसली. प्रशांतला तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठला असता तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं. तो शिऱ्याची बशी घेऊन खिडकीपाशी बसून राहिला.

कल्पिता एकेक परिच्छेद इंग्रजीत पुटपुटायची आणि मग आजीला मराठीत सांगायची. प्रत्येकाचा आकडाही सांगायची, कारण आजीला आकडे लागायचे. बारावा, बापाचा पगार. तेरावा, फ्लॅटचे हप्ते. इथे जाईबाईने रवींद्रला एक जुनी, ठेवणीतली शिवी दिली. चौदावा, रचनाचा पगार. पंधरावा, क्लासची फी. सोळावा, फ्लेक्स. फ्लेक्स म्हणजे दत्तकपत्र नव्हे, असं जजसाहेबांनी लिहिलंय, हे सांगताना ती थोडी हसली.

मग ती थांबली. तिचे डोळे पडद्यावर एका ओळीवरून दुसरीवर गेले, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. प्रशांतने बशीत खाली बघितलं. चमचा हातात तसाच राहिला. आता ती सांगणार, आणि आपली आई विचारणार, परका म्हंजी रं काय?

कल्पिताने अंगठ्याने पडदा वर सरकवला.

"अठरावा," ती म्हणाली. "दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे खात्यात जमा करायचे."

जाईबाईने बोटांवर मोजलं. आकड्यांत तिला कुणी फसवू शकत नसे.

"सतरावा ऱ्हायला की गं."

"तो नुसता कायद्याचा आहे आजी," कल्पिता म्हणाली. "आपल्या घरातलं काही नाही त्याच्यात."

आणि ती एकोणिसावा वाचू लागली.